पट्ट्याला तेल पाजू नका

वस्तरा पाजवायचा चामडी पट्टा कडक झाला, की पहिला सल्ला तेलाचा: रात्रभर खोबरेल चोपडून ठेवा, मऊ होईल. होतोही. पण पट्टा मऊ हवा हेच गृहीतक चुकीचे आहे. नवी धार काढणे हे दगडाचे काम. पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे ठेवून वस्तरा फिरवला की धारेवरची डोळ्यांना न दिसणारी लव सरळ होते, पाते चकचकते. त्यासाठी चामड्याने पात्याला किंचित धरून ठेवावे लागते. तेल प्यालेला पट्टा पात्याला धरत नाही. वर दाबाने दबतो, धारेमागे उसळतो आणि धार गोल करतो. शिवाय खाद्यतेल पुढे खवट, चिकट होते आणि धूळ धरते. त्या धुळीतला वाळूचा एक कण धारेला दाते पाडायला पुरतो. जुने न्हावी पट्ट्याला हात लावतच की, असे कोणी म्हणेल. हो, पण तळहाताने चोळत. तळव्याची ऊब आणि पुसट स्निग्धता एवढेच त्याला पुरते.

मग देगलूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात वाळून ताठ झालेल्या पट्ट्याचे काय करायचे? आधी स्वच्छता. पूर्वी इकडची कातडी बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीने कमावत. असे चामडे पाणी चटकन पिते, म्हणून पट्टा बुडवू नये. दाढीच्या साबणाचा घट्ट फेस चोळून मळ ओल्या फडक्याने टिपावा, आणि पट्टा सावलीत सपाट वाळवावा. उन्हात ओले चामडे तापले तर तंतू आकसतात, ते पुन्हा सैल होत नाहीत. कापल्याच्या खुणा दिसल्या की लोक पट्टा टाकून देतात, तेही घाईचे. खाच खोल असली तरी धारेला नडते ती तिची उठलेली कड. लाकडी ठोकळ्याला बारीक काचकागद गुंडाळून तेवढीच कड बसवावी. मात्र हाताला लालसर भुकटी लागत असेल, तर चामडे आतून कुजले आहे. त्यावर इलाज नाही.

साफ केलेला पट्टा निर्जंतुक झाला, हा समज मात्र धोक्याचा. चामडे उकळता येत नाही, आणि कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. म्हणून असा पट्टा घरच्या एकाच माणसाच्या वस्तऱ्यापुरता ठेवावा. सलूनमध्ये गिऱ्हाईकागणिक नवे ब्लेड घालतात, त्या वस्तऱ्याला तर पट्टा लागतच नाही.