मातीतला पारा आणि कागदावरचा आकडा

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपली माणसे प्यायली, आणि गावच्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. पाण्यात काहीही बिघडले नव्हते. उलट जिथे खरेखुरे विष जमिनीत मुरलेले असते तिथे शुद्धीची घाई कुणालाच नसते. बंद पडलेल्या कारखान्यांच्या दूषित जमिनींचा प्रश्न आपल्या चळवळीत ‘पर्यावरणवाल्यांचा’ म्हणून बाजूला टाकला जातो. मला तो आपला प्रश्न वाटतो. ही जमीन तपासतात कशी, आणि ती ‘स्वच्छ’ झाली असे कोण ठरवते, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

तमिळनाडूतल्या कोडईकनालचे उदाहरण घेतो. अमेरिकेतल्या वॉटरटाऊन या लहान शहरातला थर्मामीटरचा कारखाना १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उचलून या डोंगरावरच्या गावात आणला गेला. तो पाँड्सचा होता, पुढे हिंदुस्थान लिव्हरकडे आला. तयार माल परदेशी जायचा. फुटकी काच आणि सांडलेला पारा इथे राहायचा. मार्च २००१ मध्ये गावकऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना मुंजिक्कल भागातल्या एका भंगारवाल्याच्या आवारात ७.४ टन पारामिश्रित काच सापडली. त्याच वर्षी कारखाना बंद झाला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवला गेला. हे मोठेच यश होते. पण पिंपात भरता येतो तो कचरा जातो. जमिनीत मुरलेला पारा जहाजात चढत नाही.

अशा जमिनीच्या तपासणीत तीन प्रश्न असतात. विष कुठे आहे, ते कोणत्या वाटेने जाते, आणि त्या वाटेच्या टोकाला कोण आहे? तिन्हींपैकी एकही नसेल तर धोका नाही, म्हणूनच वाद नेहमी तिसऱ्यावर येतो. पाऱ्याच्या वाटा फार. साध्या हवेतही त्याची वाफ होते आणि ती श्वासावाटे अंगात जाते. पावसाबरोबर तो ओढ्यात उतरतो, तळच्या गाळातले जिवाणू त्याचे मिथिल पारा या अधिक घातक रूपात परिवर्तन करतात, ते माशात साठते आणि मासा खाणाऱ्याच्या मज्जासंस्थेवर उठते. जपानमधल्या मिनामाता गावाने १९५६ पासून हे भोगले. कोडईकनालचा कारखाना पांबार शोला या जंगलाला लागून, उतारावर. म्हणजे वाट आपोआप तयार.

मग मातीचे नमुने घेतात. पण एक नमुना फक्त आपल्या जागेपुरते बोलतो. चार पावलांवर गळके पिंप वर्षानुवर्षे ठेवलेले असेल तर त्याची खबर त्या नमुन्याला नसते. म्हणून कुदळ मारण्याआधी जागेचा इतिहास काढावा लागतो: यंत्रे कुठे होती, गटार कुठे उतरत होते, भंगार कुणी उचलले. कंपनीच्या नकाशात हे सगळे नसते. ते झाडणाऱ्याला, हमालाला, भंगार निवडणाऱ्या बाईला ठाऊक असते. माझे वडील एका रंगाच्या कारखान्यात हमाली करीत. कोणते पिंप कुठल्या भिंतीमागे उपडे होई ते त्यांना तोंडपाठ होते. त्यांना कुणी विचारले नाही. ज्यांची साक्ष पुराणकाळापासून ग्राह्य धरली गेली नाही त्यांचीच साक्ष इथे सर्वांत मोलाची ठरते, आणि अहवालात तिला जागा नसते.

आता आकड्याकडे येतो. माती संपूर्ण निर्विष करणे कुठेच होत नाही. किती विष राहिले तर चालेल याची मर्यादा ठरवतात. कोडईकनालसाठी आधी एक किलो मातीत १० मिलिग्रॅम पारा ही मर्यादा समोर होती. तिला नेदरलँड्समधल्या निकषाचा आधार होता. नंतर त्या जागेपुरते धोक्याचे गणित मांडून ती २० मिलिग्रॅम करण्यात आली. बाजू मांडली गेली ती अशी: अधिक कडक मर्यादा पाळायची तर अधिक माती खणावी लागेल, झाडे जातील, उतार ढासळेल. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. उतारावरची शोलाची झाडे खरोखरच माती धरून ठेवतात. विरोधकांचा सवाल होता की, हीच कंपनी आपल्या मायदेशी अशी सवलत मागू शकली असती का? वाद हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला आणि आकडा २० चाच राहिला.

माझे म्हणणे एवढेच की १० आणि २० मधला फरक प्रयोगशाळेत सापडत नाही. तिथे कोण राहणार, किती तास राहणार, त्यांची मुले त्या मातीत खेळणार की नाही, कुणी भाजी लावणार की नाही, या गृहीतांतून तो निघतो. गृहीते बदलली की आकडा बदलतो. विज्ञानाच्या भाषेत लिहिलेला तो सामाजिक निर्णय असतो.

कामगारांचे प्रकरण वेगळे चालले. आजारांचा संबंध पाऱ्याशी आहे हे कंपनीने मान्य केले नाही. २०१५ साली सोफिया अशरफ या चेन्नईच्या तरुणीच्या रॅप गाण्याने हा विषय जगभर नेला, आणि २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली. (साहित्याने काय होते असे विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

पुनर्विकासाचे मार्ग दोनच धरून चाला. माती उकरून धुवायची व तापवून पारा वेगळा काढायचा, हा खर्चिक मार्ग. नाहीतर ती जागेवरच झाकायची आणि वापरावर बंधन घालायचे. दुसरा स्वस्त, पण बंधन कोण लक्षात ठेवणार? आपल्या सातबाऱ्यावर पीक लिहितात, बोजा लिहितात, विहीर लिहितात. मातीत काय पुरले ते लिहीत नाहीत. गोदामासाठी साफ केलेल्या जागेवर वीस वर्षांनी घरकुले उभी राहिली तर तिथे कुणाला घर मिळेल, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. तोवर देशात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या आणि काम सुरू झाले होते ७ ठिकाणी. नियमांनुसार दूषित करणाऱ्याने खर्च द्यायचा. तो देऊ शकत नसेल तर केंद्राने व राज्याने तजवीज करायची. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाला कळवायची आहे. आपल्या जिल्ह्याने काय कळवले हे विचारायला कलेक्टर कचेरीत माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आणि दहा रुपये पुरतात. अर्जाला जुन्या कामगारांच्या सांगण्यावरून काढलेला नकाशा जोडावा. हाताने काढलेला असला तरी चालेल.