पंगत, भय आणि पारख (नव्या करारातील संज्ञा : लेखांक ७)

ख्रिस्ती माणसाने मनुष्यांची नव्हे, तर देवाची पसंती शोधावी, हे विधान उपदेशांतून इतक्या वेळा कानी पडते की त्यातील ‘पसंती’ या शब्दामागे नेमकी कोणती क्रिया अभिप्रेत आहे, याचा विचार सहसा होत नाही. नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत या कल्पनेभोवती दोन वेगळी क्रियापदे आढळतात. पहिले ‘अरेस्को’, म्हणजे समोरच्याला रुचेल असे वागणे, त्याला संतोषविणे. त्यापासून बनलेला ‘अँथ्रोपारेस्कोस’, म्हणजे माणसांची मर्जी राखणारा, हा हेटाळणीचा सूर असलेला शब्द इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत, धन्याची नजर असेल तेवढ्यापुरतेच राबणाऱ्या दासांच्या संदर्भात येतो. दुसरे क्रियापद ‘दोकिमाझो’, म्हणजे पारखणे. नाणे खरे की खोटे हे पाहणे, मुशीत घालून धातूचा कस लावणे, अथेन्समध्ये पदासाठी निवडल्या गेलेल्या नागरिकाची पात्रता पदग्रहणापूर्वी तपासणे, या सर्वांसाठी याच कुळातील शब्द रूढ होते. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल ही दोन्ही क्रियापदे एकाच वाक्यात गुंफतो, आणि त्यामुळे देवाची पसंती ही शाबासकीपेक्षा कसोटीच्या अधिक जवळची ठरते.

या कसोटीचे सर्वांत बोलके उदाहरण गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. स्थळ सूरियातील अंत्युखिया, म्हणजे रोमी साम्राज्यातील एक अत्यंत मोठे शहर, आणि प्रेषितांच्या कृत्यांनुसार येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम मिळाले ते ठिकाण. तेथील मंडळीत यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वासी एकत्र जेवत असत व पेत्रही त्यांच्यासोबत बसे. परंतु याकोबाकडून, म्हणजे यरुशलेमेच्या मंडळीकडून, काही लोक आले तेव्हा सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भयाने तो मागे सरू लागला. येथे ग्रीक क्रियापदे अपूर्ण भूतकाळात आहेत, त्यामुळे पेत्र ताडकन उठून गेला असे चित्र उभे राहत नाही, तर हळूहळू अंग काढून घेणारा माणूस दिसतो. ज्या समाजाने पंक्तिभेद शतकानुशतके पाहिला आहे, त्या समाजातील वाचकाला या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. पेत्राची पाहुण्यांशी जवळीक टिकली, पण तिची किंमत कालपर्यंत त्याच्या शेजारी बसणाऱ्या परराष्ट्रीयांनी मोजली. लोकांची मर्जी राखणे म्हणजे सर्व लोकांची मर्जी राखणे कधीच नसते. ज्यांच्या मताला वजन आहे अशा काहींची मर्जी, ज्यांच्या मताला वजन नाही अशांच्या खर्चाने राखली जाते, आणि पेत्राला सर्वांसमोर जाब विचारणाऱ्या पौलाचा संताप या हिशेबावर आहे.

पौल या वर्तनाला ‘हिपोक्रिसिस’ म्हणतो. मराठी बायबलात यासाठी ‘ढोंग’ हा शब्द येतो. तथापि मूळ शब्द नाट्यगृहातला असून ‘हिपोक्रितेस’ म्हणजे मुखवटा घालून भूमिका वठविणारा नट. पेत्राचे मत बदललेले नव्हते, कारण कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी जाण्याचे समर्थन त्याने यरुशलेमेत स्वतःच केले होते. बदलला होता तो प्रेक्षकवर्ग. बर्णबासारखा पौलाचा जुना सहकारीही त्या भूमिकेत ओढला गेला, यावरून त्या दडपणाचा जोर कळतो.

या प्रसंगाचा पुढचा इतिहास त्याहून उद्बोधक आहे. पोर्फिरी या ख्रिस्तीविरोधी तत्त्वज्ञाने दोन प्रेषितांच्या या भांडणाची टर उडविली, तेव्हा पेत्राची अब्रू सावरण्यासाठी जेरोमने आपल्या गलतीकरांवरील भाष्यात ओरिगेनच्या परंपरेला अनुसरून असे प्रतिपादन केले की हा वाद खरा नव्हताच, तर दोघांनी मंडळीच्या बोधासाठी तो घडवून आणला. हिप्पोच्या ऑगस्टीनला हे मुळीच पटले नाही. पवित्र शास्त्रात सोयीस्कर असत्य मान्य केले तर त्यातील कोणत्याच वचनाचा भरवसा उरणार नाही, असा त्याचा आक्षेप होता. त्याचे पत्र बेथलेहेमला जेरोमच्या हाती पडण्यापूर्वीच त्याच्या प्रती इटलीत फिरू लागल्या, आणि त्यामुळे जेरोम चांगलाच दुखावला. लोकभयाने घडलेल्या एका चुकीचा अर्थ लावतानाही लोक काय म्हणतील ही चिंता दोन मोठ्या पंडितांच्या पत्रव्यवहारात शिरली, ही गोष्ट काहीशी गमतीची असली तरी अनपेक्षित नाही.

आता एक अडचण उरते. गलतीकरांस लिहिताना, आपण अजून माणसांना संतोषवीत असतो तर ख्रिस्ताचे दास नसतो, असा निर्वाळा देणारा पौलच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात, आपण सर्व गोष्टींत सर्वांना संतोषवितो, असे म्हणतो, आणि दोन्हीकडे क्रियापद ‘अरेस्को’ हेच आहे. ही विसंगती हेतूकडे पाहिले की बरीचशी सुटते, कारण करिंथच्या वाक्यात तो लगेच पुष्टी जोडतो की हे स्वतःच्या हितासाठी नसून पुष्कळांच्या तारणासाठी आहे. म्हणजे इतरांच्या भावना जपणे आणि इतरांना आपले परीक्षक करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र माणसाने स्वतःच आपला परीक्षक व्हावे, असाही याचा अर्थ नाही. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल माणसांच्या न्यायासनाला क्षुल्लक लेखतो खरा, पण पुढे सांगतो की आपण स्वतःचाही न्याय करीत नाही, आणि मन निर्मळ असले म्हणून निर्दोषत्व सिद्ध होत नाही. ‘मला देवाची मान्यता आहे’ असे म्हणून टीका उडवून लावणाऱ्या उपदेशकांना हा अध्याय फारसा आठवत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची धार पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या जोगिणींच्या आश्रयाने त्या तेथे राहिल्या, त्यांतील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पुढे झालेल्या पत्रव्यवहारात, पुरोहितवर्गाचे एक जोखड टाकून दिल्यावर दुसरे मानेवर घेण्यास त्यांनी ठाम नकार दिला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत स्थापन केलेल्या आणि नंतर पुण्यास गेलेल्या शारदासदन या विधवांसाठीच्या संस्थेवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. संस्थेत उघड धर्मशिक्षण नाही म्हणून काही ख्रिस्ती मंडळी नाराज होती, तर विधवांना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते म्हणून ‘केसरी’ने प्रहार केले, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळ बाजूला झाले. वाँटेजच्या पत्रव्यवहारात मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही, ती ही की देवाच्या इच्छेचा दाखला रमाबाई जितक्या निष्ठेने देतात, तितक्याच निष्ठेने सिस्टर जेराल्डीनही देतात.