लॅपटॉप नवा घेतला, पण ईमेल कोणाचा टाकला?



गंजगोलाईत घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, लॅपटॉपसोबत "बॅग देऊ का, कूलिंग पॅड देऊ का" हे आलंच. मुद्राच्या शिशू कर्जाची मर्यादाच ५०,००० रुपये. लॅपटॉप त्यातूनच घ्यायचा असेल तर वरच्या सामानाला हात आखडताच ठेवा. आधी फुकटातल्या सेटिंग करू.

पहिलं काम ईमेलचं. सुरुवातीला आपल्याला जमत नाही म्हणून दुकानातला पोरगा किंवा घरातला भाचा स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. घोळ इथंच आहे. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं. रोजच्या कामात ते जाणवतही नाही. पण मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं, की कधीकधी निळा स्क्रीन येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की असते ज्याचा ईमेल टाकला त्याच्या अकाउंटवर! भाचा पुण्याला, पासवर्ड त्याला आठवत नाही, आणि आत तुमची उधारी, बिलं, गिऱ्हाइकांचे नंबर. फॉरमॅट मारून लॅपटॉप चालू होईल, पण हिशोब गेला तो गेलाच. हरवलेली की मायक्रोसॉफ्टवालेही काढून देत नाहीत.

म्हणून ईमेल स्वतःचा, मोबाईल नंबर स्वतःचा. आजच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये 'डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ती की बघा, कागदावर उतरवा आणि कागद घरच्या कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको, बॅग गेली तर दोन्ही जातील.

दुसरं, मराठी टायपिंग. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', तिथून 'लँग्वेज अँड रीजन', तिथं मराठी जोडा आणि तिच्या 'लँग्वेज ऑप्शन्स'मधून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड घ्या. इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी उमटतं. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. डीटीपीवाला कृतिदेव टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तुमचं कोटेशन म्हणजे नुसता अक्षरांचा चिवडा. हे युनिकोड आहे, व्हॉट्सॲपवरही नीट दिसतं.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर त्या कनेक्शनला 'मीटर्ड' करा. नाहीतर दुपारपर्यंत अपडेटच डेटा पॅक खाऊन टाकतं.

आता सामान. साधा वायरचा माऊस घ्याच, टचपॅडवर दिवसभर बिलं करणं म्हणजे हाताची शिक्षा आहे. कूलिंग पॅड राहू द्या. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा, खालच्या जाळीला हवा लागली की पुष्कळ. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, बंद पडतो तो राउटर. त्याच्यापुरता छोटा यूपीएस मिळतो. लेझर प्रिंटर मात्र छोट्या यूपीएसवर लावू नका, त्याला ओढ लई असते.

चार्जर तीन पिनचा असेल तर पिन तोडून दोन पिनच्या बोर्डात खुपसू नका. धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात का? मग आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

राहिलेले पैसे एक्स्टर्नल हार्ड डिस्कला. शनिवारी गल्ला मोजून झाला की हिशोबाचं फोल्डर त्यात कॉपी करायचं, आणि लगेच वायर काढायची. जोडूनच ठेवली तर व्हायरस लॅपटॉपसोबत तिलाही धरतो.