पहिले दहा मिलिसेकंद

सबस्टेशनात शॉर्ट सर्किट झालं की रिले चालून ब्रेकर प्रत्यक्ष उघडेपर्यंत साठ-ऐंशी मिलिसेकंद सहज जातात. करंटचा सर्वांत मोठा झटका मात्र दहाव्या मिलिसेकंदाच्या आसपासच बसून गेलेला असतो. ४० किलोअँपिअरच्या फॉल्टचा हा पहिला झटका १०० किलोअँपिअरपर्यंत चढतो. करंट दुप्पट झाला की बसबारवरचा यांत्रिक ताण चौपट होतो, त्यामुळे इन्सुलेटरची खरी परीक्षा ब्रेकर हलण्याआधीच होते. या दहा मिलिसेकंदांना वेसण घालायची खटपट गेली सत्तर वर्षं चालू आहे.

जर्मनीतल्या कालोर-एमाग कंपनीने १९५५मध्ये काढलेला उपाय धाडसी होता. मुख्य वाहकातच स्फोटक भरायचं; करंट वेगाने चढताना दिसला की तो वाहक उडवायचा आणि करंट शेजारच्या फ्यूजवर ढकलायचा. पहिला झटका पुरता चढण्याआधीच काम फत्ते. पण प्रत्येक वेळी स्फोटक भरलेली नवी नळी बसवावी लागते. दुसरीकडे सिरीज रिअॅक्टर साधा आणि दणकट, पण फॉल्ट नसतानाही तो व्होल्टेज खातो.

१९८६मध्ये उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांचा शोध लागला आणि आशा बळावली. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला हा वाहक एरवी जवळपास रोध करत नाही. करंट मर्यादेपलीकडे गेला की अतिसंवाहकता सुटून रोध आपोआप उभा राहतो. रिले नको, ट्रिप कॉइल नको. १९९६मध्ये स्वित्झर्लंडच्या लोंच जलविद्युत केंद्रात चाचणी झाली, २००४मध्ये जर्मनीत नेटफेनला १० केव्हीवर, आणि २०१९मध्ये मॉस्कोच्या म्नेवनिकी सबस्टेशनात थेट २२० केव्हीवर यंत्र बसलं. चीनने कुनमिंगच्या पुजी सबस्टेशनात ३५ केव्हीसाठी लोखंडी गाभ्याचा वेगळा प्रकार वापरला.

तरीही हे यंत्र, म्हणजे अतिसंवाहक फॉल्ट करंट लिमिटर, सर्रास बसलं नाही. किंमत हे एक कारण. दुसरं अधिक मूलभूत आहे: शीतकरण चोवीस तास चालायला हवं. ते बंद पडलं की लिमिटर बाद. म्हणजे सबस्टेशनच्या भरवशासाठी आणलेलं यंत्र स्वतःच एक नवा कच्चा दुवा होतं.

आपल्याकडे नियोजनाचा दंडक असा, की नव्या सबस्टेशनच्या बसवरची फॉल्ट लेव्हल, म्हणजे फॉल्टच्या वेळी वाहू शकणारा करंट, तिथल्या शॉर्ट सर्किट क्षमतेच्या ८० टक्क्यांपुढे जाऊ नये. ती चढू लागली की सोपी वाट म्हणजे बसचे दोन भाग जोडणारा बस कप्लर उघडा ठेवायचा. फॉल्ट लेव्हल उतरते, पण एका भागाचा ट्रान्सफॉर्मर गेला की दुसरा भाग लगेच मदतीला येत नाही, ग्राहक अंधारात.

म्हणूनच लिमिटरची खरी जागा बस कप्लर. तिथे एरवी करंट कमी, म्हणून नुकसानही कमी. लिमिटर नादुरुस्त झालाच तर कप्लर उघडायचा. दोन्ही भाग आपापल्या ट्रान्सफॉर्मरवर चालू राहतात, पुरवठा जात नाही. तोच लिमिटर बसला पुरवठा देणाऱ्या इनकमरवर बसवला, तर त्याचा बिघाड थेट शटडाऊन ठरतो.

आता गणितही बदलतंय. सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टर फॉल्टच्या वेळी नेहमीच्या करंटपेक्षा थोडाच जास्त करंट देतो. जुने औष्णिक संच बंद होतील तिथे फॉल्ट लेव्हल खाली येऊ शकते. शहरांत नव्या लाइन आणि ट्रान्सफॉर्मर वाढतच आहेत, तिथे ती चढेल. तेव्हा लिमिटरचं टेंडर काढण्याआधी त्या बसचा पुढच्या पंधरा वर्षांचा अभ्यास करून घ्यावा. काही ठिकाणी साधा रिअॅक्टरच पुरेल.