"सिगारेट ओढता का?" हा प्रश्न आपल्या वहिनीसाठी नाहीच

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

एका श्रोत्याने विचारलंय, "वहिनीला चौथा महिना लागलाय. ती मशेरी लावते. दवाखान्यात सिगारेट-दारूचं विचारलं, तर ती नाही म्हणाली. आता मी काय करू?"

वहिनी खरंच बोलली. प्रश्नच अपुरा होता. आपल्याकडे सिगारेट-बिडी ओढणाऱ्या बायका थोड्या. पण २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १०० पैकी साधारण १७ बायका तंबाखू घेणाऱ्या निघाल्या, बहुतेक जणी धूर न काढता. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच! दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. पण घरी भाजलेल्या मशेरीवर ना पाकीट, ना इशारा. म्हणून ती व्यसन वाटतच नाही.

पोटातल्या बाळाचं काय होतं? मशेरी हिरड्यांना चोळली की निकोटिन तिथूनच रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाचा पुरवठा कमी पडतो. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती, आणि दिवस भरण्याआधीची बाळंतपणंही जास्त होती. जे बाळ आधीच अडीच किलोच्या काठावर आहे, त्याला हे १०५ ग्रॅम फार होतात हो.

मग सोडवायचं कसं?

नीट विचारा. "वहिनी, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा लावता?" बस्स, एवढंच. ओरडलात की मशेरी सुटत नाही, फक्त लपते.

कारण शोधा. कुणाला त्याशिवाय पोट साफ होत नाही, कुणाची दाढ दुखते, कुणाला नुसतं करमत नाही. पोटासाठी पाणी, फळं, पालेभाज्या. दाढेसाठी डेंटिस्ट, गरोदर असल्याचं आधी सांगायचं, उपचार होतात.

घराने साथ द्या. सासूबाई शेजारी बसून मशेरी लावत असतील, तर सुनेने कसं सोडायचं? मोरीतली डबी आधी हलवा. आणि दादा, तुमची बिडीही बंद. तो धूरही बाळाला लागतो.

तलफ टाळता येते. ती काही मिनिटांत ओसरते. चूळ भरा, बडीशेप चघळा, ओट्यावर चक्कर मारा. सुपारी मात्र नको. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, झोप उडेल. तेव्हा घरच्यांनी सांभाळून घ्यायचं.

औषध मनाने नको. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. डॉक्टरांना विचारा. गावात आशाताईंशीही बोला.

दिवस राहण्याआधी सुटली तर सगळ्यात उत्तम. पण चौथा काय, सातवा महिना असला तरी सोडण्याचा फायदा आहेच. "आता काय उपयोग" असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका.

तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे १८००-११-२३५६, मोफत. वहिनीच्या हातात नुसता नंबर देऊ नका. शेजारी बसा, तुमच्याच मोबाईलवरून लावा, स्पीकर चालू करा.

आणि काय झालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!