कुळाचा मागोवा : लेखांक ७ – वंशवृक्षाच्या चित्रामागची नोंद

छापील कुलवृत्तांतांचा आढावा मागील लेखांकात घेतला गेला. त्याच कामासाठी गेल्या चाळीस वर्षांत घडत आलेल्या संगणकप्रणाल्यांची रचना कशी असते आणि मराठी घराण्यांची माहिती त्या रचनेत कितपत सामावते, हे प्रस्तुत लेखांकात पाहावयाचे आहे. या प्रणाल्यांची ओळख बहुतेकांना त्यांनी काढलेल्या रेखीव वंशवृक्षांवरून होते आणि त्यामुळे ती केवळ चित्रे काढण्याची साधने आहेत, असा समज सहज रुजतो. वस्तुतः चित्र हे प्रणालीचे शेवटचे आणि तुलनेने सोपे काम असून, तिचे खरे मोल चित्रामागील नोंद किती काटेकोर, किती साधार आणि शंकेला किती जागा देणारी आहे, यावरच ठरते.

या साधनांचा उगम अमेरिकेतील युटा राज्यात आहे. तेथील मॉर्मन पंथात दिवंगत पूर्वजांच्या नावे काही धर्मविधी करण्याची प्रथा असल्याने पूर्वजांची नावे शोधणे हे प्रत्येक अनुयायाचे कर्तव्य मानले जाते, आणि या गरजेतूनच १८९४ मध्ये तेथे वंशावळी-संशोधनाची संस्था स्थापन झाली. १९३८ पासून या संस्थेने जगभरच्या चर्चमधील व शासकीय नोंदवह्यांचे सूक्ष्मचित्रण हाती घेतले, आणि पुढे हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्याही त्या कामात समाविष्ट झाल्या. घरगुती संगणक बाजारात येताच, १९८४ मध्ये, याच पंथाने ‘पर्सनल अँसेस्ट्रल फाइल’ ही प्रणाली प्रसृत केली आणि तिच्यासोबत एका प्रणालीतील माहिती दुसरीत नेण्यासाठी ‘जेडकॉम’ नावाचा संकेत ठरवला. मूळ प्रणाली २०१३ मध्ये बंद झाली. जेडकॉम मात्र टिकला, आणि आजही जवळजवळ प्रत्येक वंशावळ-प्रणाली त्यात माहिती देऊ आणि घेऊ शकते.

जेडकॉमची फाइल साध्या मजकुराची असते. तिची प्रत्येक ओळ एका अंकाने सुरू होते आणि तो अंक त्या ओळीची पायरी सांगतो : शून्याच्या पायरीवर ‘व्यक्ती’, एकच्या पायरीवर तिचे ‘नाव’ किंवा ‘जन्म’, आणि जन्माखाली दोनच्या पायरीवर ‘दिनांक’ व ‘स्थळ’. व्यक्तीची नोंद आणि कुटुंबाची नोंद यांत मूलभूत फरक केलेला असतो. व्यक्तीच्या नोंदीत बापाचे नाव लिहिले जात नाही, तर ती व्यक्ती अमुक क्रमांकाच्या कुटुंबात अपत्य आहे एवढेच म्हटले जाते, आणि त्या कुटुंबाच्या नोंदीत पती, पत्नी व अपत्ये यांचे क्रमांक असतात. एखाद्या पुरुषाचे तीन विवाह झाले असतील, तर तीन कुटुंबनोंदी होतात आणि तिन्हींत पतीचा क्रमांक तोच राहतो. त्यामुळे कोणते मूल कोणत्या मातेचे, हा छापील वंशावळीत अनेकदा पुसला जाणारा तपशील येथे आपोआप जपला जातो. क्रमांकांची ही पद्धत नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असलेल्या समाजात विशेष उपयोगी पडते, कारण पेशव्यांच्या एकाच घराण्यात दोन बाजीराव, दोन चिमाजी आप्पा, दोन माधवराव आणि दोन नानासाहेब आढळतात, आणि त्यांना वेगळे ठेवण्यास नाव पुरेसे नसते.

दुसऱ्या चिमाजी आप्पांची नोंद या रचनेची कसोटी पाहणारी आहे. ते रघुनाथराव व आनंदीबाई यांचे पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावांचे धाकटे बंधू. त्यांचा जन्म १७८४ चा. सवाई माधवराव १७९५ मध्ये निपुत्रिक वारल्यानंतर त्यांच्या विधवा पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर १७९६ मध्ये चिमाजी आप्पांना दत्तक देण्यात आले आणि त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. मात्र त्याच वर्षअखेर बाजीराव गादीवर आले आणि ते दत्तविधान अवैध ठरवण्यात आले. जन्माच्या नात्याने चिमाजी आप्पा हे सवाई माधवरावांच्या वडिलांचे, म्हणजे नारायणरावांचे चुलतभाऊ, आणि म्हणून सवाई माधवरावांचे चुलतकाका. दत्तविधानाने मात्र ते त्यांचेच पुत्र झाले. थोरले बाजीराव जन्माच्या वाटेने त्यांचे आजोबा ठरतात, तर दत्तकाच्या वाटेने सवाई माधवराव, नारायणराव आणि नानासाहेब असे चढत गेल्यास खापरपणजोबा ठरतात. चांगल्या प्रणालीत एका व्यक्तीला दोन कुटुंबांत अपत्य म्हणून जोडता येते आणि प्रत्येक जोडीवर ‘औरस’ किंवा ‘दत्तक’ असा शेरा मारता येतो. दत्तविधानाची व ते रद्द झाल्याची घटनाही तारखेसह स्वतंत्रपणे लिहिता येते. केवळ रेघ ओढणाऱ्या साधनात यांपैकी एक नाते गाळावेच लागते, आणि ते गाळणे म्हणजे त्या काळच्या राजकारणाचा गाभाच गाळणे होय.

नोंद साधार असणे म्हणजे काय, हे ‘ग्रँप्स’ या प्रणालीवरून स्पष्ट होते. २००१ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प मुक्त स्वरूपाचा आहे. म्हणजे ती प्रणाली विनामूल्य मिळते, तिची संगणकीय संहिता सर्वांना खुली असते आणि माहिती वापरणाऱ्याच्या स्वतःच्याच संगणकावर राहते. तीत व्यक्ती व कुटुंब यांच्या जोडीला घटना, स्थळ, आधार, आधारनिर्देश आणि संग्रहस्थान यांच्याही स्वतंत्र नोंदी असतात. आधार म्हणजे मूळ साधन, उदाहरणार्थ शाळेचे रजिस्टर. आधारनिर्देश म्हणजे त्यातील नेमके पान वा अनुक्रमांक. आणि संग्रहस्थान म्हणजे ते जेथे ठेवले आहे ती जागा. एखाद्या पणजोबांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून असावी, जन्मपत्रिकेत माघातील एखादी तिथी असावी आणि मृत्युनोंदीतील वयावरून तिसरेच साल निघावे, हा महाराष्ट्रात नित्याचा अनुभव आहे. शाळाप्रवेशासाठी गुरुजींनी १ जून लिहिण्याचा प्रघात माहीत असलेला संशोधक पत्रिकेला अधिक वजन देईल, परंतु उरलेल्या दोन नोंदी तो पुसणार नाही. तिन्ही नोंदी आपापल्या आधारांसह आणि विश्वसनीयतेच्या श्रेणीसह शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय ही प्रणाली देते. स्थळांबाबतही तोच काटेकोरपणा पाळता येतो : मालवण १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात आणि त्यानंतर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, हे एकाच स्थळनोंदीत कालमर्यादेसह लिहिता येते, आणि कागदपत्रे कोणत्या जिल्ह्याच्या दप्तरात शोधावीत हेही त्यावरून कळते.

कालगणना हा मात्र या प्रणाल्यांचा कच्चा दुवा आहे. जेडकॉमची ५.५.१ ही दीर्घकाळ प्रचलित असलेली आवृत्ती ग्रेगरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतिकालीन कालगणना ओळखते. ग्रँप्समध्ये इस्लामी व इराणी कालगणनाही आहेत. शालिवाहन शकाची सोय मात्र दोहोंत नाही. मराठी कागदांत तर शक, फसली आणि शुहूर सन अशा अनेक कालगणना एकमेकींत मिसळलेल्या असतात. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने केवळ ‘शके १७००’ एवढाच उल्लेख असेल, तर तो इसवी सन १७७८ किंवा १७७९ यांपैकी कोणत्याही वर्षी पडू शकतो. शुहूर सन मृगापासून बदलत असल्याने त्यात ५९९ मिळवायचे की ६००, हे महिन्यावर अवलंबून असते. अशा वेळी एक साल ठोकून न देता ‘१७७८ ते १७७९ दरम्यान’ असा पल्ला नोंदवावा आणि मूळ मिती जशीच्या तशी शब्दांत जोडावी, हा मार्ग दोन्ही ठिकाणी उपलब्ध आहे. ज्या घरांत श्राद्धामुळे तिथी ठाऊक असते पण साल विस्मृतीत गेलेले असते, तेथे ‘भाद्रपद वद्य पंचमी’ एवढीच माहितीही अशा शब्दरूप तारखेत टिकवता येते, आणि पुढे एखाद्या कागदात साल सापडल्यास तीच तिथी ते पडताळण्याच्या कामी येते.

नावांची अडचण दुहेरी आहे. विवाहानंतर स्त्रीचे उपनावच नव्हे, तर नावही बदलण्याची प्रथा असल्याने माहेरची मणिकर्णिका तांबे आणि सासरची लक्ष्मीबाई नेवाळकर ही झाशीची राणी एकच आहे, हे यंत्राला आपण होऊन उमगत नाही. त्यासाठी जन्मनाव, विवाहोत्तर नाव आणि प्रचलित नाव असे प्रकार करून सर्व नावे एकाच व्यक्तीखाली लिहावी लागतात. मुलींच्या शाखा लग्नापाशी तुटण्याचा दोष दूर व्हावयाचा असेल, तर ही शिस्त अपरिहार्य आहे. दुसरी अडचण शोधाची. सारख्या उच्चाराची नावे एकत्र आणण्यासाठी अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट घेतलेली ‘साउंडेक्स’ ही पद्धत आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. ती नावाचे पहिले रोमन अक्षर तसेच ठेवते, स्वर गाळते आणि पुढील व्यंजनांना अंक देते. फडके हे उपनाव ‘पी-एच’ या अक्षरांनी लिहिल्यास तिचा संकेत ‘पी ३२०’ येतो आणि ‘एफ’ने लिहिल्यास ‘एफ ३२०’. साहजिकच एकाच घरातील दोन भावांनी उपनाव दोन प्रकारे लिहिले असेल, तर ते या शोधात भेटत नाहीत. देवनागरीत नोंद करून रोमन लेखनाची रूपे पर्यायी नावे म्हणून जोडणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय असून, २०२१ मध्ये आलेल्या जेडकॉमच्या सातव्या आवृत्तीने युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपाखेरीज अन्य सर्व अक्षरसंकेत बाद केल्याने देवनागरी नोंदींची ने-आण अधिक निर्धोक झाली आहे.

इतकी सिद्धता झाल्यावर चित्राचा विचार येतो. एका व्यक्तीपासून मागे जाणारा तो पूर्वजवृक्ष आणि मूळ पुरुषापासून पुढे येणारा तो वंशजवृक्ष; पूर्वजवृक्ष अर्धवर्तुळात मांडला की त्याला पंखाकृती तक्ता म्हणतात. पूर्वजांना क्रमांक देण्याची रीत मायकेल आयट्झिंगर याने १५९० मध्ये कोलोन येथे छापलेल्या ग्रंथात आढळते : मूळ व्यक्ती १, कोणत्याही व्यक्तीच्या वडिलांचा क्रमांक तिच्या दुप्पट, आणि आईचा त्याहून एकाने अधिक. ही रीत मराठी घराण्याला लावली की वृक्ष या कल्पनेची मर्यादा उघड होते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे. अशा दांपत्याच्या अपत्याची वडिलांकडची आजी (क्रमांक ५) आणि आईकडचे आजोबा (क्रमांक ६) ही सख्खी भावंडे असतात. परिणामी १० व १२ या क्रमांकांवर एकच पुरुष, आणि ११ व १३ या क्रमांकांवर एकच स्त्री येते, म्हणजे पणजोबा-पणजींच्या आठ स्थानांवर प्रत्यक्षात सहाच माणसे असतात. पंखाकृती तक्ता तीच माणसे दोनदा छापतो आणि नसलेले पूर्वज असल्याचा भास निर्माण करतो. याउलट, ग्रँप्स ज्या ‘ग्राफव्हिज’ या रेखन-साधनाचा उपयोग करते, त्यात प्रत्येक व्यक्तीची चौकट एकदाच येते आणि रेघा दोन बाजूंनी तिच्यापाशी येऊन मिळतात. हे चित्र दिसायला गुंतागुंतीचे असले, तरी नात्यांच्या बाबतीत तेच खरे असते. चिमाजी आप्पांच्या दोन वाटाही अशाच चित्रात थोरल्या बाजीरावांपाशी एकत्र येताना दिसतात.

महाजालावरील सेवांचे दोन प्रकार पडतात. काहींत प्रत्येक कुटुंबाचा वृक्ष स्वतंत्र असतो, तर ‘फॅमिलीसर्च’ किंवा ‘गेनी’ यांसारख्या सेवांत सर्वांचा मिळून एकच वृक्ष असतो व कोणीही त्यात दुरुस्ती करू शकतो. सामायिक वृक्षात दूरच्या शाखा अनपेक्षितपणे जुळतात. परंतु आधार न तपासता उचललेली एक चूक शेकडो ठिकाणी पोहोचते आणि पुढे त्या ठिकाणांची संख्याच पुरावा म्हणून पुढे केली जाते. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे उपनाव उघड करणे धोक्याचे असल्याने, माहिती बाहेर देताना हयातांचे तपशील वगळण्याची जी सोय बहुतेक प्रणाल्यांत असते, ती वापरणे इष्ट ठरते. वारसनोंदीचा फेरफार किंवा जातपडताळणी यांसाठी लागणाऱ्या वंशावळीत मात्र हयात वारस गाळून चालत नाही. म्हणून एकाच माहितीसंचातून प्रयोजनानुसार वेगवेगळ्या प्रती काढणे श्रेयस्कर होय.

प्रणाली निवडताना तीन प्रश्न विचारावेत : दत्तक व अनेक विवाह यांची नोंद होते काय, प्रत्येक विधानाला आधार जोडता येतो काय, आणि सर्व माहिती जेडकॉममध्ये पूर्णपणे बाहेर काढता येते काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चाचणी करूनच मिळते. दहा-बारा व्यक्तींची माहिती भरावी, ती जेडकॉममध्ये काढून दुसऱ्या प्रणालीत न्यावी आणि दत्तकाचा शेरा, शब्दरूप तारीख व आधार शाबूत पोहोचले की नाही, हे ताडून पाहावे. ज्या प्रणालीत हे तपशील गळतात, तिचे तक्ते कितीही देखणे असले तरी घराण्याची माहिती तिच्या स्वाधीन करू नये. नोंदीसाठी लागणारे आधार कोठून मिळवायचे, हा यापुढचा प्रश्न असून, नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या कशा वाचाव्यात आणि त्यांतील माहितीचा आधारनिर्देश कसा लिहावा, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.