निवृत्तीची पुंजी : शेअर किती, ठेवी किती?

सेन्सेक्स हजारभर अंशांनी कोसळला की निवृत्तीला टेकलेल्यांच्या घरी एकच विषय सुरू होतो : सगळं काढून एफडीत टाकायचं का? बाजार वर गेला की तेच लोक फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे शेअरमध्ये घालायला निघतात. पैशाची वाटणी बाजाराकडे बघून करायचीच नसते. कोणता पैसा किती वर्षांनी लागणार, यावर ती ठरते.

गैरसमज : थांबलं की बाजार वर येतोच.

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के घसरून २६ हजारांखाली आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने जुना उच्चांक ओलांडला. ही आठवण ताजी असल्याने अनेकांना धीर वाटतो. पण जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना शिवलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये साडेआठ हजारांखाली गेला होता. २०१० च्या दिवाळीत तो पुन्हा २१ हजारांवर पोचला, पण टिकला नाही; ती पातळी कायमची मागे पडायला २०१४ उजाडलं. जपानच्या निक्केईला तर १९८९ चा उच्चांक ओलांडायला २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली.

कमावत्या माणसाला थांबता येतं. निवृत्ताला दर महिन्याला पैसे काढावेच लागतात, आणि खरा धोका तिथे आहे. समजा, ५० लाख रुपये आहेत. तीन वर्षांत बाजार ३० टक्के पडला, मग २५ आणि २० टक्के वाढला. पैसे काढले नाहीत तर क्रम कोणताही असो, शेवटी साडेबावन्न लाख होतात. पण दर वर्षाच्या सुरुवातीला ३ लाख काढले आणि पडझड पहिल्याच वर्षी आली, तर सव्वाएकेचाळीस लाख उरतात. हेच वर्षांचे आकडे उलट क्रमाने आले, तर ४४ लाख ६२ हजार. फरक वर्षभराच्या खर्चाहून मोठा आहे, आणि पडझड कधी येणार हे कुणाच्याच हातात नाही. म्हणून पुढच्या पाच-सात वर्षांचा खर्च शेअर बाजारात असूच नये, असं माझं ठाम मत आहे.

गैरसमज : मग सगळंच ठेवीत ठेवावं.

आज महिन्याला ४० हजारांत चालणारं घर, महागाई ६ टक्के धरली तर, बारा वर्षांनी ८० हजार मागेल. साठीत निवृत्त झालेल्याला तेव्हा बहात्तरावं वर्ष असेल आणि औषधांचा खर्च वाढलेला असेल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येतं. पहिल्या वर्षांसाठी हा चांगला आधार आहे. मात्र व्याजाची रक्कम पाच वर्षं तीच राहते, वाढत नाही. म्हणून दहा वर्षांनंतर लागणारा पैसा वाढता राहावा, यासाठी काही भाग इंडेक्स फंडासारख्या ठिकाणी ठेवावा लागतो.

गैरसमज : शंभरातून वय वजा करा, तितके टक्के शेअरमध्ये.

जुन्या पेन्शनवाल्या शिक्षकाला महागाई भत्त्यासह निवृत्तिवेतन मिळतं. खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्याच्या ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनला महागाई भत्ता नाही, आणि त्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ मध्ये महिना हजार रुपये ठरली. दोघंही साठ वर्षांचे असले तरी वाटणी एकच कशी असेल? शिक्षकाचा रोजचा खर्च पेन्शनमधून भागतो, त्याला बाजारातली घसरण सोसता येते. कारखान्यातल्याने आधी खर्चाची सोय करायची आणि उरलं तर बाजार.

गैरसमज : ठेव म्हणजे कुठलीही ठेव सुरक्षित.

अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी आपल्याकडे आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवली जाते. बँक, सहकारी बँकसुद्धा, बुडाली तर ठेव विम्यातून दर ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागूच होत नाही. ठेवीची पावती हातात असेल तर आजच बघा, ती बँकेची आहे की पतसंस्थेची.